भरती-ओहोटीच्या नदीत मोटर क्रूझर नेताना : आखणी अडचणीच्या जागेपासून मागे करा

नकाशावर अंतर मोजायचं, बोटीच्या वेगाने भागायचं, उत्तरात तासभर मिळवायचा आणि निघायचं. बंद पाण्याच्या कालव्यात अशी आखणी चालून जाते. भरती-ओहोटीच्या नदीत हीच आखणी बोट गाळात बसवते किंवा पुलासमोर खोळंबून ठेवते. इथे पाण्याची खोली, पुलाखालची मोकळी जागा, प्रवाहाची दिशा आणि प्रवाहाचा जोर हे सगळं तासातासाला बदलतं. अंतर तेवढं कायम राहतं, आणि नेमकं त्यावरच सगळा हिशेब मांडला जातो.

म्हणून सुरुवात निघण्याच्या जागेपासून करू नका. वाटेतली सर्वांत अडचणीची जागा शोधा, तिथून आपली बोट किती ते किती वाजेपर्यंत पार होऊ शकते ते काढा, आणि तिथून मागे मोजत निघण्याच्या वेळेवर या. खालचे टप्पे याच क्रमाने करायचे आहेत.

टप्पा १ : आपल्या बोटीची मापं स्वतः घ्या

चार आकडे लागतात: बोट पाण्यात किती खोल बुडते, पाण्यावर किती उंच येते, रोजच्या वेगाला तासाला किती सागरी मैल जाते आणि त्या वेगाला तासाला किती लिटर इंधन पिते. (१ सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, तासाला १ सागरी मैल म्हणजे १ नॉट.)

माहितीपत्रकातले आकडे घेऊ नका. ते नव्या, रिकाम्या बोटीचे असतात. खोली मोजायची ती टाक्या भरून, सामान आणि माणसं चढवून, कारण तेव्हा बोट सर्वांत खाली बसते. उंची मोजायची ती टाक्या जवळजवळ रिकाम्या असताना, कारण तेव्हा ती सर्वांत वर तरंगते. अँटेना, दिव्याची काठी, रडारची कमान यांतलं काय आडवं करता येतं ते करून पाहा आणि दोन्ही उंच्या लिहून ठेवा. खोली मोजताना पंखा आणि सुकाणूचं खालचं टोक धरा. पुष्कळ बोटींत बुडापेक्षा तेच खाली असतं.

कमानीच्या पुलांसाठी आणखी एक माप हवं: केबिनच्या छताच्या दोन्ही कोपऱ्यांची उंची आणि त्यांच्यामधली रुंदी. कमानीच्या मधोमध माथा सुटतो, पण बोट थोडी जरी बाजूला सरकली तरी कोपरा घासतो.

टप्पा २ : भरतीचं कोष्टक नीट वाचा

बहुतेक ठिकाणी दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं मागे पडते. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाणाची भरती असते: पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि प्रवाह जोरात धावतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि चढउतार कमी होतो. पहिल्यांदा एखाद्या नदीत जात असाल तर भांगाचे दिवस निवडा. प्रवाह मवाळ असतो, चूक झाली तरी सावरायला वेळ मिळतो.

कोष्टक वाचताना तीन गोष्टी हमखास चुकतात.

पहिली म्हणजे वेळ. अनेक कोष्टकं प्रमाणवेळेत छापलेली असतात. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करणाऱ्या देशांत तो तास आपणच मिळवायचा असतो. कोष्टकाच्या माथ्यावरची बारीक ओळ आधी वाचा.

दुसरी म्हणजे ठिकाण. कोष्टक एखाद्या मोठ्या बंदराचं असतं आणि आपली जागा नदीत आत कित्येक मैल असते. भरती मुखातून आत शिरते तसतसा तिला उशीर होत जातो. टेम्स नदीवर लंडन ब्रिजला भरती पूर्ण होते, त्यानंतर सुमारे तासाभराने ती टेडिंग्टनला, म्हणजे भरतीच्या हद्दीच्या टोकाला, पूर्ण होते. असे फरक दुय्यम ठिकाणांच्या यादीत दिलेले असतात. वेळेबरोबर उंचीचा फरकही लावायचा असतो.

तिसरी म्हणजे उंचीचा अर्थ. कोष्टकातली उंची ही खोली नव्हे. ती चार्टच्या, म्हणजे जलमार्गाच्या नकाशाच्या, शून्य पातळीपासून (साधारण सर्वांत खालच्या ओहोटीच्या पाण्यापासून) मोजलेली असते. चार्टवर एखाद्या जागी १.२ मीटर खोली लिहिली असेल आणि त्या वेळी भरतीची उंची २ मीटर असेल, तर तिथे ३.२ मीटर पाणी आहे. आकड्याखाली रेघ असेल तर ती जागा ओहोटीला उघडी पडते. तिथे तो आकडा भरतीच्या उंचीतून वजा करायचा. रेघ नजरेतून सुटली की उथळ कट्टा खोल डोह वाटतो.

सावधान: मधल्या तासांची उंची काढायला बारांशाचा नियम वापरतात. भरतीच्या सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ बारांश चढतं असं त्यात धरलेलं असतं. खुल्या किनाऱ्यावर तो बऱ्यापैकी जमतो. नदीत आत गेल्यावर भरती थोड्या तासांत झपाट्याने चढते आणि ओहोटी रेंगाळत उतरते, त्यामुळे हा नियम फसवतो. त्या ठिकाणचा भरतीचा आलेख मिळत असेल तर तोच वापरा.

टप्पा ३ : वाटेतल्या अडचणींची यादी करा

चार्टवर हाताचं बोट ठेवून मुखापासून वर सरकत जा आणि हे सगळं कागदावर उतरवा: मुखाजवळचा वाळूचा दांडा, उथळ कट्टे, पूल, डोक्यावरून गेलेल्या विजेच्या तारा, लॉक (बोटीला एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारी दरवाज्यांची कुंडी), भरतीच्या ठरावीक तासांतच उघडणारे दरवाजे, धक्क्याला जागा देणाऱ्या गोद्या आणि थांबायची पर्यायी ठिकाणं.

पुलाची उंची कोणत्या पातळीपासून दिली आहे ते चार्टच्या टिपांत शोधा. काही चार्टांवर ती सरासरी उधाणाच्या भरतीपासून असते, काहींवर सर्वोच्च खगोलीय भरतीपासून, म्हणजे चंद्र-सूर्याच्या हिशेबाने येऊ शकणाऱ्या सर्वांत उंच भरतीपासून. उघडणारा पूल असेल तर आधी कळवावं लागतं का, गर्दीच्या वेळी तो बंद राहतो का, हे फोन करून विचारा. विजेच्या तारेखाली दिलेल्या उंचीला टेकून जायचं नाही. तिथे वेगळं सुरक्षित अंतर लागतं.

काही नद्यांत भरतीची पहिली लाटच भिंतीसारखी आत येते. इंग्लंडची सेव्हर्न, चीनची छियानथांग, बंगालमधली हुगळी या त्यातल्या नावाजलेल्या नद्या. अशा नदीत उधाणाच्या दिवशी काय करायचं ते चार्ट सांगत नाही. बंदराच्या कार्यालयाला विचारा आणि ते सांगतील तसंच करा.

टप्पा ४ : अडचणीच्या जागेची वेळ काढा

हा टप्पा घाईत उरकू नका. प्रत्यक्ष आकडे घेऊन पाहू.

समजा, बोट ०.९ मीटर बुडते, पाण्यावर ३.४ मीटर उंच आहे आणि ६ नॉटने जाते. मुखापासून १२ सागरी मैलांवर एक कट्टा आहे. चार्टवर तो ०.६ मीटर उघडा पडणारा दाखवला आहे. त्याच्या पुढे २ मैलांवर पूल आहे. सरासरी उधाणाच्या भरतीपासून त्याची उंची ३.० मीटर दिली आहे आणि ती भरती चार्टच्या शून्यापासून ४.६ मीटरवर आहे.

कट्ट्यासाठी: बोटीला ०.९ मीटर आणि बुडाखाली मोकळं पाणी ०.६ मीटर, म्हणजे १.५ मीटर पाणी हवं. कट्टाच ०.६ मीटर वर आहे, म्हणून भरतीची उंची किमान २.१ मीटर हवी.

पुलासाठी: बोटीची उंची ३.४ मीटर आणि वर मोकळी जागा ०.५ मीटर, म्हणजे ३.९ मीटर हवेत. पूल देतो ३.० मीटर. पाणी उधाणाच्या पातळीपेक्षा ०.९ मीटर खाली असलं पाहिजे, म्हणजे भरतीची उंची जास्तीत जास्त ३.७ मीटर.

आता पेच दिसतो. कट्ट्याला पाणी जास्त हवं, पुलाला कमी. ऐन भरतीला निघालं की सगळं सोपं होईल हा समज इथेच मोडतो. भरतीला कट्टा आरामात पार होईल आणि पुलाखाली छत अडकेल. आपल्याला २.१ ते ३.७ मीटर यांच्यामधलं पाणी पकडायचं आहे.

त्या दिवशी त्या भागात भरती दुपारी १:१० ला ४.३ मीटरवर पूर्ण होते, आणि आलेखावरून पाणी ११:०० वाजता २.१ मीटर व १२:१० ला ३.७ मीटर होतं असं धरू. म्हणजे कट्टा ११:०० च्या आधी नाही आणि पूल १२:१० च्या नंतर नाही.

तपासा: दोन्ही उंच्या एकाच शून्य पातळीपासून आहेत ना? खोली चार्टच्या शून्यापासून आणि पूल उधाणाच्या भरतीपासून मोजलेला असतो. या दोन पाया-पातळ्या एकमेकींत मिसळणं ही या हिशेबातली सर्वांत महागडी चूक आहे.

टप्पा ५ : तिथून मागे मोजा

चढत्या भरतीबरोबर वर जाताना प्रवाह सरासरी २ नॉट साथ देतो असं धरलं, तर जमिनीच्या हिशेबाने वेग ८ नॉट होतो. कट्टा ते पूल २ मैल, म्हणजे १५ मिनिटं. मुख ते कट्टा १२ मैल, म्हणजे दीड तास.

पूल १२:१० च्या आत, म्हणून कट्टा उशिरात उशिरा ११:५५ ला, म्हणून मुख उशिरात उशिरा १०:२५ ला. कट्टा ११:०० च्या आधी नको, म्हणून मुख ९:३० च्या आधी सोडायचं नाही. मुख सोडण्याची वेळ ९:३० ते १०:२५ अशी निघाली. मी ९:५० लिहीन: कट्ट्यावर ११:२०, पुलाखाली ११:३५, आणि हाताशी ३५ मिनिटं शिल्लक. धक्क्यावरून मुखापर्यंत यायला लागणारा वेळ याच्याही आधी धरा. दोर सोडण्याची वेळ आणि मुख सोडण्याची वेळ एकच समजून लोक अर्धा तास गमावतात.

वर जाताना चढत्या पाण्यात का जायचं? प्रवाह साथ देतो हे तर आहेच. त्याहून मोठं कारण हे की बोट कुठे टेकलीच तर दहा-पंधरा मिनिटांत पाणी तिला उचलतं.

प्रवाहाचा हिशेब हलका घेऊ नका. ६ नॉटच्या बोटीला ३ नॉटचा प्रवाह अनुकूल असेल तर १८ मैल २ तासांत संपतात. प्रतिकूल असेल तर त्याच १८ मैलांना ६ तास लागतात.

आणखी एक बारकावा. पाणी चढायचं थांबतं आणि प्रवाह उलटतो, या दोन घटना एकाच मिनिटाला घडतील असं नाही. पुष्कळ नद्यांत पाणी उतरू लागल्यावरही काही वेळ प्रवाह आतच वाहतो. प्रवाहाच्या वेळा प्रवाहाच्या तक्त्यातूनच घ्या.

टप्पा ६ : परतीचा हिशेब वेगळा मांडा

जाण्याचा कागद उलटा धरला म्हणजे परतीचा कागद होत नाही. वर जाताना भरती आपल्याबरोबर आत सरकत असते, म्हणून अनुकूल प्रवाह जास्त तास मिळतो. खाली येताना आपण पुढच्या भरतीकडे तोंड करून जात असतो, म्हणून ओहोटी लवकर संपते. वरच्या उदाहरणात पुलाजवळ पाणी ४ तास ५० मिनिटं चढत असेल, तर ते साडेसात तासांहून जास्त उतरतं. पण मुखाशी पुढची भरती संध्याकाळी ६:१० ला सुरू होत असेल, तर दुपारी १:१० ला पुलाजवळ पाणी उतरू लागल्यापासून मोजलं तरी जेमतेम ५ तासच ओहोटी मिळते. या नदीत १४ मैलांना ते पुरेत. पन्नास मैलांच्या नदीत वाटेतच उलटा प्रवाह समोर येतो.

शिवाय उतरत्या पाण्यात बोट टेकली की दर मिनिटाला ती अधिक घट्ट बसते. म्हणून परतीला बुडाखालचं मोकळं पाणी ०.६ ऐवजी निदान १ मीटर धरा आणि कट्ट्याची वेळ पुन्हा काढा. पूल आधी लागतो, पाणी ३.७ मीटरपर्यंत उतरेपर्यंत थांबावं लागतं, आणि लगेच पुढे कट्टा वाट पाहत असतो. पुलापाशी उशीर झाला तर पुढे जायचं नाही, हे निघण्याआधीच ठरवून कागदावर लिहा.

मुखावर वाळूचा दांडा असेल तर ओहोटीचं जोरदार पाणी आणि समुद्राकडून येणारी लाट तिथे भिडतात. लाटा आखूड, उभ्या आणि फुटणाऱ्या होतात. दांडा पार करायला भरतीचा शेवटचा भाग चांगला. वारा प्रवाहाच्या विरुद्ध असेल तर नदीच्या रुंद भागातही असंच होतं.

टप्पा ७ : इंधन

तासांवर मोजा, मैलांवर नको. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव.

टप्पा ८ : पाऊस आणि हवेचा दाब

कोष्टक फक्त चंद्र-सूर्याचा हिशेब करतं. वरच्या खोऱ्यात मोठा पाऊस झाला की नदीचं पाणी ओहोटीला जोर देतं, भरतीला रोखतं, आणि कधी कधी भरती येऊनही प्रवाह आत वळतच नाही. पातळी तेवढी वाढते. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण १ सेंटिमीटर वर येतं. दाब ९८३ पर्यंत खाली असेल तर सरासरीच्या (१०१३) मानाने सुमारे ३० सेंटिमीटर जास्त पाणी, म्हणजे पुलाखालच्या अर्ध्या मीटरच्या राखीव जागेतलं बरंचसं गेलं. समुद्राकडून जोराचा वारा असेल तर आणखी भर पडते. आदल्या संध्याकाळी हवामान पाहा, नदीच्या पुराची सूचना पाहा, आणि दोन्हींपैकी एक जरी बिघडलं असेल तर दिवस पुढे ढकला.

टप्पा ९ : निघण्याआधी बोटीवर

भरतीच्या नदीत गाळ आणि वाहतं गवत इंजिनच्या थंड पाण्याच्या वाटेत शिरतं. बुडातला व्हॉल्व्ह बंद करा, मग गाळणीचं झाकण उघडा, जाळी धुवा, झाकणाची रबरी कडी पुसून नीट बसवा, व्हॉल्व्ह पुन्हा उघडा. इंजिन चालू केल्यावर एक्झॉस्टमधून पाणी ठोके देत बाहेर पडतंय का ते डोळ्यांनी पाहा. शेवटी व्हॉल्व्ह उघडायला विसरलात तर इम्पेलर, म्हणजे थंड पाण्याच्या पंपातला रबरी पंखा, मिनिटांत जळतो. जास्तीचा इम्पेलर, बेल्ट आणि इंधनाचा फिल्टर बरोबर ठेवा.

नांगर साखळीसह मोकळा हवा, सामानाखाली दडपलेला नको. प्रवाहात इंजिन बंद पडलं तर नांगर हाच ब्रेक असतो. सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट हवं. व्हीएचएफ रेडिओ वाहिनी १६ वर लावून तपासा आणि त्या बंदराची कामकाजाची वाहिनी लिहून ठेवा. कुठे जातो, किती वाजता पोहोचणार, पोहोचलो नाही तर किती वाजता कुणाला कळवायचं, हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला देऊन जा.

टप्पा १० : पाण्यावर

आखणीचा कागद समोर चिकटवा. प्रत्येक खुणेपुढे ठरलेली वेळ आणि शेजारी प्रत्यक्ष वेळेची रिकामी जागा ठेवा. पहिल्या दोन खुणांवरच दहा मिनिटांचा फरक पडला तर प्रवाहाचा अंदाज चुकला आहे. पुढचं गणित तिथेच दुरुस्त करा.

वळणावर खोल पाणी बाहेरच्या बाजूला असतं, आतल्या बाजूला गाळ साचतो. वाट दाखवणाऱ्या तरंगत्या बोयांचे रंग देशानुसार बदलतात, आणि त्यासाठी जगाचे अ आणि ब असे दोन विभाग केलेले आहेत. समुद्राकडून आत येताना अ विभागात लाल बोया डाव्या हाताला ठेवायचा, ब विभागात उजव्या. उत्तर व दक्षिण अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्स ब विभागात मोडतात.

अरुंद वाटेत उजव्या कडेने जा. २० मीटरपेक्षा लहान बोटीने मोठ्या जहाजाची वाट अडवायची नाही. त्याला खोल पाण्याबाहेर सरकता येत नाही. आंधळ्या वळणाआधी भोंग्याचा एक लांब आवाज द्या, ४ ते ६ सेकंद. समोरून पाच किंवा अधिक आखूड आवाज आले तर तुमचा इरादा त्याला कळलेला नाही, असं समजा.

उथळ पाण्यात वेग वाढवला की बोटीचं मागचं टोक खाली बसतं. कट्ट्यावर म्हणूनच हळू जा. उधाणाच्या दिवसांत पाणी काठावरचे ओंडके उचलून आणतं, एक माणूस फक्त पुढे पाहायला ठेवा.

तपासा: पुलापाशी पोहोचल्यावर खांबावरची मोजपट्टी वाचा. काही पट्ट्या पाण्याची उंची दाखवतात, काही पुलाखालची मोकळी जागा. आपल्या कागदापेक्षा पट्टीवर विश्वास ठेवा. शंका असेल तर प्रवाहाकडे तोंड करून दूरच थांबा, कारण मागून प्रवाह ढकलत असताना पुलाजवळ बोट थांबवता येत नाही.

बोट टेकली तर

पाणी चढत असेल तर इंजिन न्यूट्रलला ठेवा आणि थांबा. उतरत असेल तर पहिली दोन मिनिटं मोलाची: ज्या वाटेने आलात त्याच वाटेने मागे घ्या, माणसं एका बाजूला नेऊन बोट कलती करा. निघाली नाही तर इंजिन बंद करा, नाहीतर गाळ आत ओढला जाईल. खोल पाण्याकडे नांगर टाका आणि पुढच्या भरतीची वाट पाहा. चिखलात उतरून ढकलायला जाऊ नका.

उधाणाच्या ऐन भरतीला टेकलेली बोट सर्वांत वाईट अडकते. पुढच्या भरत्या रोज कमी चढतात, आणि पुढचं उधाण येईपर्यंत पंधरवडा जाऊ शकतो. त्या दिवसांत अनोळखी कडेला जायचंच नाही.

टप्पा ११ : बांधणं आणि रात्र

धक्क्याला लागताना बोटीचं तोंड प्रवाहाकडे हवं. प्रवाहाला तोंड दिलं की वेग कमी ठेवूनही सुकाणू ऐकतं.

पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरता धक्का असेल तर काम सोपं. पक्क्या भिंतीला बांधत असाल तर दोर चढउताराच्या निदान तिप्पट लांब हवेत, बोटीच्या पुढे आणि मागे दूरवर नेलेले. भरतीला आखूड आणि ताठ बांधलेली बोट ओहोटीला भिंतीवर लटकते, खुंट्या उपटतात. भिंतीच्या तळाशी ओहोटीला पाणी राहतं का, की दगड उघडे पडतात, ते आधी विचारा.

नांगरावर राहायचं असेल तर साखळीची लांबी ऐन भरतीच्या खोलीवर काढा: साखळीला निदान चौपट, दोराला सातपट. पाणी मात्र ओहोटीला पुरतं का ते पाहा. प्रवाह उलटला की बोट नांगराभोवती पूर्ण फिरते, त्या सगळ्या वर्तुळात खोली हवी.

पहिल्या ओहोटीला उठून दोर तपासा. त्याच वेळी प्रत्यक्ष भरती कोष्टकापेक्षा किती लवकर किंवा उशिरा आली ते कागदावर नोंदवा आणि परतीच्या वेळांत तेवढा फरक लावा. मुक्काम एक दिवसाने वाढला तर टप्पा ४ पासूनचे सगळे आकडे पुन्हा मांडावे लागतात. दुसऱ्या दिवशी भरतीची वेळ बदलते आणि उंचीही.